डबल बेल नसलेलं बेट

परवा सकाळी दार उघडलं आणि मळीचा वास नाकात शिरला. बावड्याच्या साखर कारखान्याकडनं वारं सुटलं की हा वास आमच्या गल्लीत येतो, आणि आला की बायका एकमेकींना ओरडून सांगतात, "पेटला गं बॉयलर!" ज्याला सवय नाही तो नाकाला रुमाल लावतो. आम्हाला मात्र बरं वाटतं. आता गुऱ्हाळावर ताजी काकवी मिळणार, बाजारात नवा गूळ येणार, आणि रस्त्यानं ट्रॅक्टर जाणार, मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर माणूसभर उंच ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर टपाला बांधलेला कर्णा. त्या कर्ण्यात काय वाजतंय ते त्या ड्रायव्हरला तरी कळतं का, हे मला आजवर समजलेलं नाही.

यंदा वास आला आणि आधी आनंद झाला, मग लगेच मी दिवस मोजायला लागले. कारण हा हंगाम संपला की आमची तेजू परत येणार, असं ठरलेलं होतं. तेजू म्हणजे तेजस्विनी, आमची एकुलती एक. ती माल्टा नावाच्या बेटावर बस चालवते. तिचा करार या हंगामाबरोबरच संपतो. या रविवारी फोन करून कधी निघणार ते ती सांगणार होती. तिच्या आप्पांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, माडीवरची खोली रंगवायला घेतली. एसटीतनं रिटायर झालेला माणूस, मला वाटलं तांबडा रंग आणतील. तर पिवळसर, मधाळ असा काहीतरी डबा घेऊन आले. "हे काय?" म्हटलं. तर म्हणाले, "तिथल्या दगडाचा रंग हाय. पोरीला हितं आल्यावर चुकल्यागत वाटाय नगं." मी वर जाऊन फरशीवर रद्दी अंथरून दिली. एरवी मी बोलल्याशिवाय राहत नाही.

आम्ही दोघंही एसटीची माणसं. ह्यांची नोकरी स्टिअरिंगवर गेली. मलकापूरवरनं आंबा घाट उतरून रत्नागिरी, ही त्यांची लाडकी वाट. मी कंडक्टर. राधानगरी, कागल, गारगोटी. जन्मभर "पावणं, पुढं सरका की" ओरडून माझा आवाज असा झालाय, की घरात "मीठ द्या" म्हटलं तरी शेजारच्या आक्का दारात येऊन विचारतात, "काय झालं गं?" मला हळू बोलता येत नाही. राग आल्यावर तर नाहीच नाही, आणि राग मला लवकर येतो.

तेजूला सांभाळायला घरात कोणी नव्हतं, म्हणून शाळेला सुट्टी लागली की ती माझ्या गाडीत. तिला खिडकीकडेला बसवायची मी, पण तिचं लक्ष बाहेरच्या भातात नसायचं, उसात नसायचं. ड्रायव्हरच्या हाताकडं बघत बसायची. पुढं एसटीनं बायकांच्या हातात स्टिअरिंग द्यायला सुरुवात केली, तेव्हा ही पहिल्या झटक्यात जाऊन उभी. "शिकली-सवरली पोरगी, आणि डायवर?" म्हणून पाहुण्यांनी नाकं मुरडली. आप्पा मात्र डेपोभर पेढे वाटत फिरत होते.

माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी आम्हा मायलेकींना एकाच गाडीवर ड्युटी लागायची. कोल्हापूर-राधानगरी. ती पुढं, मी मागं दोरीशी. एक बेल दिली की थांबायचं, डबल बेल दिली की निघायचं. एसटीचं सगळं शास्त्र तेवढ्यात आलं. मी डबल बेल दिल्याशिवाय तेजू गाडी तसूभर हलवायची नाही. एकदा हळदी गावच्या थांब्यावर मी एका बाईची पाटी वर चढवून घेत होते. पुढं बसलेला एक म्हातारा तिला म्हणाला, "चल की गं पोरी, म्हशीची धार काढायची हाय." ही आरशात बघून म्हणाली, "बेल न्हाय झाली, तात्या." गाडी जागची हलली नाही. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता त्या दिवशी! घरी येऊन ह्यांना दोनदा सांगितलं.

कागलची एक ओळखीची पोरगी माल्टात नर्स होती. तिथं बसला ड्रायव्हर हवेत, हे तिच्याकडनं कळलं. तेजूनं घरात विषय काढला तेव्हा आप्पा म्हणाले, "माल्टा? त्ये संत्र्यागत फळ असतंय, त्येच न्हवं?" मग नकाशा काढला. इटलीच्या पायाखाली एक ठिपका. तोही मला चष्मा लावल्यावर दिसला. मी म्हटलं, "एवढ्याशा ठिपक्यावर बस चालवणार कुठं? एक वळान घेतलंस की समुद्रात!" ती हसली. "करार संपला की येतो, आई." आमच्या कोल्हापूरकडं पोरी अशाच बोलतात, येतो, जातो, करतो. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "परत येणार असलीस तर जा," म्हटलं.

ती गेली तीही अशीच, बॉयलर पेटायच्या तोंडावर. तो हंगाम मी विसरणार नाही. आमची दिवेलागण व्हायची तेव्हा तिची दुपार असायची. मी पिठाच्या डब्याला फोन टेकवून भाकरी थापायची आणि ती मला बेट दाखवायची. पहिल्यांदा दिसला तो दगड. घरं त्या दगडाची, देवळं त्याची, शेताचे बांधही त्याचेच. नवी गुळाची ढेप फोडल्यावर आतनं जसा रंग निघतो ना, तसा. दुपारी पांढरट, आणि ऊन कललं की सगळं गाव पिवळं होऊन जायचं. घरांना लाकडी सज्जे, बंद, खिडक्यांचे, कुठं हिरवे कुठं लाल. आतनं बायका रस्ता बघत बसत असणार. आमच्या आक्कांना एक तसला सज्जा मिळाला असता तर त्यांनी स्वयंपाकच केला नसता.

आप्पांचा पहिला प्रश्न होता, "नदी कुठली?"

"नदी न्हाय, आप्पा."

"ओढा तरी?"

"पाऊस पडला की व्हातोय म्हणं जरा."

"मग धरण न्हाय, बंधारा न्हाय… माणसं ऱ्हायली कशी?"

पूर्वी घराखाली टाकी खणून पावसाचं पाणी साठवायचे, आणि आता समुद्राचं पाणी गोडं करून पितात, असं तिनं सांगितलं. आम्ही पंचगंगेच्या काठची माणसं. महापुरात ती आमच्या घरात न बोलावता येऊन गेलेली आहे, चुलीपर्यंत. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की कोल्हापुरात माणसं गाद्या माळ्यावर टाकतात. "देवाला वाटणी जमली न्हाय," आप्पा म्हणाले आणि उठून गेले. त्यानंतर बरेच दिवस ते तांब्यातलं उरलेलं पाणी मोरीत न टाकता तुळशीला घालायचे.

हळूहळू तो ठिपका मोठा होत गेला. मोठ्या शहराचं नाव वालेत्ता. ते बांधलं सरदारांनी, देशोदेशीचे सरदार, धर्मासाठी लढायला एकत्र आलेले. तुर्कांनी बेटाला वेढा घातला, हे आतनं चिवटपणे लढले, वेढा उठला, आणि मग त्यांनी तटबंदीचं हे नवं शहर उभं केलं. आप्पांनी हे मान डोलावत ऐकलं. "पन्हाळ्यासारखं म्हण की," म्हणाले. जगातला कुठलाही वेढा आम्हाला सांगा, आम्ही तो पन्हाळ्याशीच ताडून बघणार. त्यात आमचा इलाज नाही. त्या सरदारांचे वाडे भाषेप्रमाणे वेगळे, फ्रान्सचे इकडं, इटलीचे तिकडं. ते मात्र मला लगेच समजलं. आमच्याकडं पेठेपेठेच्या तालमी आहेत तसंच.

आणि खरंच, तालमींची आठवण यावी असं तिथं बरंच होतं. प्रत्येक गावाचा एक संत, त्याची वर्षाची जत्रा, गावचं बँडपथक. काही गावांत दोन पथकं आणि दोन संत, मग झालंच. कुणाच्या आतषबाजीचा आवाज मोठा यावरनं भावाभावांत अबोला. तेजू म्हणाली, "आई, आपल्या फुटबॉलसारखं हाय बघ, दोन पेठांची मॅच लागल्यागत." थंडीच्या शेवटाला वालेत्तात एक मिरवणूक निघाली. त्यांच्या एका मोठ्या संताचं जहाज फार फार वर्षांपूर्वी याच बेटाजवळ फुटलं होतं, त्याची ती जत्रा. मूर्ती खांद्यावर, वरनं सज्ज्यांतनं कागदाचे कपटे पडताहेत, माणसं गाताहेत. खांदेकऱ्यांची पावलं डुलत डुलत चाललेली. फोनवर बघता बघता माझे हात आपोआप जोडले गेले. कुठला का देव असंना, खांद्यावरनं चाललाय म्हटल्यावर हात जोडायलाच पाहिजेत.

भाषेची गंमत तर विचारू नका. तिथल्या भाषेत साबणाला 'सपून', दुनियेला 'दिनया', पुस्तकाला 'क्तीब'. अरबांची भाषा त्या बेटावर शतकानुशतकं मुरली आणि वर इटलीची फोडणी बसली. माणसं ख्रिस्ती, रोज देवळात जाणारी, आणि देवाला म्हणतात 'अल्ला'. हे ऐकून आक्कांनी तोंडाला पदर लावला. आप्पा म्हणाले, "त्यात काय झालं? देवाला काय, हाक पोचली की झालं." चहासुद्धा तिथं दूध घालून काचेच्या ग्लासात मिळतो, हे तेजूनं दाखवलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, पोर बऱ्या ठिकाणी आहे.

न बघितलेली जागा इतकी पाठ कशी होते, मला सांगता येणार नाही. भाकऱ्या करताना मी नावं म्हणायला लागले. वालेत्ता, हामरून, बिरकिरकारा, मोस्ता, आणि शेवटी चिरकेव्वा, तिथं जमीन संपते. कंडक्टरला वाट पाठ व्हायला त्या वाटेनं जावं लागतं, हे मी सगळ्यांना सांगत आले होते. ते खोटं ठरलं. मोस्ताला मोठा घुमट आहे. दुसऱ्या महायुद्धात वरनं बॉम्ब पडला, घुमट फोडून आत आला, खाली माणसं प्रार्थनेला बसलेली, आणि तो फुटलाच नाही. मी रोज मोस्ता म्हणताना जरा थांबायची.

चिरकेव्वाला बस संपली की बोट लागते, पलीकडच्या धाकट्या बेटावर जायला. तिथली रीत अशी की जाताना तिकीटच नाही. परत येताना एकदाच काढायचं. माझ्यातला कंडक्टर हे ऐकून बेचैन झाला. "आणि कोण परत आलाच न्हाय तर?" आप्पा तेजूला म्हणाले, "तुझ्या आईला तिकडं नोकरी दिऊ नका म्हणावं, बोटच सुटायची न्हाय."

तेजूला गाडी शिकवायला सालवू म्हणून एक म्हातारा गृहस्थ होता. पूर्वी त्या बेटावर बस ज्याची त्याची असायची. पिवळ्या रंगाच्या, नारिंगी पट्ट्याच्या गाड्या, ड्रायव्हर मालक, पुढं बायकोचं नाहीतर आईचं नाव रंगवलेलं, काचेशी संताचा फोटो. आमच्या ट्रकवाल्यांनी जाऊन शिकवलंय की काय, असं वाटावं. पुढं सरकारनं त्या सगळ्या एकदम बंद केल्या. सालवूची गाडीही गेली. तो फोनवर आला, त्यानं आपल्या गाडीचा फोटो दाखवला. आप्पांनी भिंतीवरचा आपला फोटो काढून आणला, आंबा घाटात गाडीला टेकून उभे असलेले. एकाला मराठी येईना, दुसऱ्याला इंग्रजी. दोघंही "ब्रेक, ब्रेक" म्हणून हाताचे हिसके देत घाट उतरत होते, आणि दोघांनाही सगळं समजत होतं. नंतर कळलं, त्या बेटावर एके काळी रेल्वेही होती, जेमतेम दहा-बारा किलोमीटर धावणारी, ती केव्हाच मोडली. आमची रेल्वेही कोल्हापुरात येऊन थांबते, पुढं कोकणात जाणार जाणार म्हणतात. आप्पांना वाईट वाटलं. त्यांना बंद पडलेल्या कुठल्याही गाडीचं वाईट वाटतं.

एका रविवारी ती आम्हाला चाकोऱ्या दाखवायला घेऊन गेली. उघडा खडक, समुद्राचं वारं, खडकांच्या फटीत कसलीशी पिवळी फुलं, आणि दगडात खोल गेलेल्या दोन-दोन रेघा. गाड्यांच्या चाकांनी झिजलेल्या, हजारो वर्षांपूर्वीच्या. कुठल्या गाड्या, काय वाहत होत्या, कोण ओढत होतं, कुणालाच ठाऊक नाही. एकमेकींना छेदत जातात, आणि काही काही तर सरळ समुद्रात उतरतात. आप्पा म्हणाले, "ऊस असणार." आम्ही हसलो. पण मला त्या रेघा बघून कसंतरी झालं. एवढी माणसं रोज त्या वाटेनं गेली, दगड झिजला, आणि माणसांचं नावसुद्धा उरलं नाही. गेलेल्या गाड्यांतलं कोण परत आलं, कोण नाही, हे दगडावरनं कसं कळणार? फोन ठेवल्यावर बाहेरनं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. डांबरावर चेचलेल्या उसाचा चिकट पट्टा पडलेला. मी तो बघत उभी राहिले.

हे सगळं बेट आम्हाला पुढं बघायला मिळणार की नाही, ते एका परीक्षेवर होतं. तिथल्या बसचा परवाना काढल्याशिवाय नोकरी पक्की नव्हती. कागदावरच्या परीक्षेतनं ती सुटली. रस्त्यावरच्या परीक्षेत नापास झाली.

मला खरं वाटेना. घाटात ट्रकच्या नाकासमोरनं गाडी काढणारी माझी पोर, सपाट बेटावर नापास? "वळण चुकली काय?" आप्पांनी विचारलं. नाही. "सिग्नल?" नाही. तिकडं वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूनं, इंग्रजांनी जाताना ठेवलेली रीत, म्हणजे तोही घोळ नाही. शेवटी ती म्हणाली, "थांब्यावर थांबतोय, आप्पा. माणसं चढत्यात, तिकीट मीच देतोय, दार मीच लावतोय. आणि मग गाडीच हलवत न्हाय. बसून ऱ्हातोय."

"का?"

"म्हायती न्हाय. सालवू रोज इचारतोय, कुणाची वाट बघतीस? परीक्षा घेणारानंबी त्येच इचारलं. मागं गाड्या हॉर्न मारत हुत्या." मग तिनं फोन तोंडाजवळ घेतला. "आई, मी बेलची वाट बघतोय."

त्या गाड्यांत कंडक्टर नाही. बटण दाबून प्रवासी थांबायला सांगतात, पण 'निघ' म्हणून सांगणारं मागं कोणी नाही. तिच्या कानात लहानपणापासून माझी डबल बेल बसलेली. ती वाजेना, म्हणून तिचा पाय ब्रेकवरनं निघेना.

आता यावर आम्ही काय करावं? शहाण्या माणसानं केलं नसतं ते केलं. आप्पा तडक डेपोत गेले, उभ्या गाडीत चढून दोरी ओढली, आणि डबल बेल फोनवर रेकॉर्ड करून आणली. टण टण. कान देऊन ऐकली, माझीच वाटावी अशी. म्हणाले, "थांब्यावर थांबली की ही वाजवायची, मग सुटायचं. सोप्पं हाय की!" पाठवली. मी पण मान डोलावली, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी तेजूचा निरोप आला. "ऐकली. परत पाठवू नका." नंतर फोनवर आली तेव्हा डोळे सुजलेले. बेल ऐकून तिला राधानगरीची वाट दिसली, ओल्या भाताचा वास आला, आणि त्या दिवशी ती थांब्यावर आणखीच बसून राहिली. सालवूनं शेवटी गाडी बाजूला घ्यायला लावली. पुढची परीक्षा शेवटची, त्यातही नापास झाली की घरी.

दोन दिवस मी धुसफुसत होते. कुणावर चिडायचं तेच कळेना. भांडी आपटून झाली, आक्कांशी विनाकारण भांडून झालं. मग राखेनं भांडी घासता घासता उमगलं, की मी माझ्याच बेलवर चिडलेय. पोरीनं माझ्या शब्दाशिवाय हलू नये, हेच मी आयुष्यभर शिकवलं आणि त्याचीच फुशारकी मारली. राधानगरीच्या वाटेवर ते बरोबर होतं. तिथं मी मागं होते.

हात पुसले आणि फोन लावला. बसमधला आवाज लावला, मला दुसरा येतच नाही.

"तेजू, ऐक. दार तुझ्या हातात हाय, तिकीट तुझ्या हातात हाय, आरसा तुझ्याम्होरं हाय. मागं मी न्हाय. कोण न्हाय. माझी वाट बघायची न्हाय. दार लागलं की सुटायचं."

"आई…"

"दार लागलं की सुटायचं! परत म्हण."

तिनं म्हटलं. मी पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी तिचा आवाज माझ्याइतका मोठा झाला तेव्हा फोन ठेवला, आणि मोरीत जाऊन रडले. इतकं वाईट मला ती विमानात बसली तेव्हाही वाटलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी अंबाबाईला गेले. रांगेत उभी राहिले आणि काय मागायचं तेच सुचेना. नापास झाली तर आठ दिवसांत माझ्या समोर, माझ्या हातची भाकरी खाणार. पास झाली तर ती तिकडंच. पुढं पुढं सरकत गेले, देवीसमोर आले, मागनं लोक ढकलायला लागले, "आजी, सरका की पुढं." जन्मभर मी लोकांना तेच म्हणत आले. तोंडातनं गेलं, "तिला पास कर." बाहेर आले आणि मागं न बघता घरची वाट धरली.

ती पास झाली. सालवूनं तिला कसलेतरी खारे पापुद्र्याचे वडे खाऊ घातले, आत वाटाणा भरलेले. तिनं गणवेशातला फोटो पाठवला, मागं ढेपेच्या रंगाचं शहर. आप्पांनी गल्लीत पुन्हा पेढे वाटले. त्या आठवड्यात हंगामातला शेवटचा ऊस गेला, रस्ते रिकामे झाले, मळीचा वासही विरत गेला. मी स्वतःची समजूत घातली, करारापुरतं आहे, येईल.

तर असा तो हंगाम. आणि आता हा हंगाम, आणि हा रविवार.

आप्पा माडीवर ब्रश घेऊन चढलेले. मी भाकऱ्या थापत होते, फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला. तेजू आली. तोंडावर ऊन, मागं समुद्र, केस बांधलेले. इकडचं तिकडचं बोलली. कुठल्या थांब्यावर पर्यटकांची किती गर्दी, सालवूचे गुडघे कसे दुखतात. मी ऐकत होते, पण माझे कान दुसरीकडं होते.

"मग? कधी निघतीयास?"

ती सरळ बघून म्हणाली, "आई, मी नव्या करारावर सही केली. हितंच ऱ्हातोय."

भाकरी तव्यावर करपली. माझा आवाज चढला तो थेट वरच्या पट्टीत. "कुणाला इचारून? आँ? आप्पा वर खोली रंगवाय लागल्यात तुझ्यासाठी! एक शब्द इचारायचास तरी! परत येणार म्हणून पाठवलंवतं तुला!" आक्कांच्या घराचं दार वाजलं. तेजू रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

"मला भीती वाटत हुती सांगायची," ती म्हणाली. "चार दिवस फोन हातात घेऊन बसलोवतो. मग म्हटलं, आईच म्हणालीवती की, माझी वाट बघायची न्हाय."

मी तवा उतरवला. राग होता, भरपूर होता. आणि त्या रागाच्या खालून छाती भरून येत होती, हेही खरं. तीच ही पोरगी, जी माझ्या बेलशिवाय गाडी हलवत नव्हती.

"व्हय," मी म्हटलं. "मीच म्हणालते."

करपलेली भाकरी मी बाजूला काढली. "जेवून घे," म्हटलं, आणि फोन ठेवला.

आप्पा जिन्यावरनं खाली आले. हाताला, कपाळाला पिवळा रंग. माझा आवाज त्यांनी ऐकला असणार, सगळ्या गल्लीनं ऐकला होता. पण त्यांनी एवढंच विचारलं, "कधी येतीया म्हणली?"

"ती येत न्हाय," मी म्हटलं. "आपुन जायाचं. तिकीट काढून तिच्या गाडीत बसायचं, पार चिरकेव्वापतोर. आणि मागनं एक शब्द बोलायचा न्हाय."

आप्पा पायरीवरच बसले. ब्रश हातात तसाच. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. "तू? तू गप बसणार?"

"बसायलाच लागंल की," मी म्हटलं.